बारा आणे रोख

तारीख २३ मे १९४५. तुम्ही उंबरगाव तालुक्यातल्या झरी गावात उभे आहात. जमीन इतकी तापली आहे की पायात चपला असूनही तुम्हाला एका जागी उभं राहवत नाही. आजूबाजूला पाच हजार वारली बसलेत, बहुतेक अनवाणी. कितीतरी जण रात्रभर चालून आलेत. कोणाच्या कमरेला कोयता आहे, कोणाच्या कडेवर मूल.

तुम्ही पालघरच्या किनाऱ्यावरच्या दांडीहून आलात. समुद्र मागे टाकून बोईसर गाठलं, गाडीने संजाणला उतरलात आणि तिथून पायी. पिशवीत जाड कागद, गेरू आणि तांदळाच्या पिठाची पुडी आहे. यंदा दिवाळीची शुभेच्छापत्रं विकत आणायची नाहीत, हाताने करायची आणि त्यांवर वारली माणसं काढायची, असं घरात ठरलंय. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, काड्यांचे हातपाय, मधोमध तारपा वाजवणारा. काढायला सोपी वाटतात. पण ही माणसं मुळात कोण, हे पाहिल्याशिवाय काडी पिठात बुडवायची नाही, म्हणून तुम्ही इथवर आलात.

बोलायला गोदावरी परुळेकर उभ्या राहतात. वकिलीची पदवी घेतलेली ही पुण्याची बाई इथे सगळ्यांची गोदूताई आहे. याच वर्षी ७ जानेवारीला टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. तिथे गेलेले इथले मोजके वारली परत येऊन पाड्यापाड्यांवर बोलले, आणि साडेचार महिन्यांत हा मेळा भरला. मागणी तिथल्या कोणत्याही पोराला समजेल अशी आहे: वेठ करायची नाही, दिवसाला बारा आणे रोख मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर पाऊल टाकायचं नाही. तुमच्या शेजारचा म्हातारा ‘रोख’ हा शब्द दोनदा पुटपुटतो. आजवर त्याला कामाच्या बदल्यात मूठभर धान्य मिळालंय, नाहीतर मार.

संध्याकाळी तुम्ही त्याच्या मागोमाग पाड्यावर जाता. लग्नसराई आहे. कुडाच्या भिंतीवर शेण-गेरूचा हात फिरलाय आणि सुवासिनी चौक लिहायला बसल्यात. तांदळाचं पीठ पाण्यात कालवलेलं, हातात बांबूची चेचलेली काडी. चौकटीवर चौकट उमलत जाते आणि आत लग्नाची पालघट देवी येते. धवलेरी गाते, तिच्या गाण्याशिवाय लग्न लागत नाही. तुम्ही भान हरपून बघत राहता.

मग म्हातारा सांगतो, हे लग्न सावकाराच्या पैशांवर उभं आहे. नवरदेव उद्यापासून लग्नगडी. घेतलेली रक्कम फिटेपर्यंत त्याने राबायचं, त्याच्या बायकोनेही राबायचं, आणि रक्कम फिटत नाही, कारण हिशेब सावकाराच्या वहीत आणि वही वारल्याला वाचता येत नाही. मालक बायकोवरही हक्क सांगतो. हे सांगताना तो भिंतीकडे बघत नाही. आपण ज्या पांढऱ्या रेषेला शोभा म्हणून कागदावर घेतो, ती लग्नाच्या घरात लिहिली जात होती आणि त्याच लग्नाने माणूस विकला जात होता. माझ्या मते वारली चित्र घरात लावणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असायला हवं.

झरीनंतर गोष्टी भराभर घडतात. किसान सभेचा लाल बावटा गावोगाव जातो, वेठ थांबते, लग्नगडी मालकाचं घर सोडून निघतात. वेठबिगारीला मनाई करणारं संविधानाचं तेविसावं कलम १९५० साली लागू होईल, वेठबिगार पद्धत नष्ट करणारा कायदा १९७६ साली येईल. या माणसांनी त्यांची वाट पाहिली नाही.

पाऊस सरला. ऑक्टोबर लागला आणि माळावर गवत कंबरेएवढं झालं. हेच गवत मुंबईच्या व्यापाऱ्यांना विकून जमीनदार पैसा करतात. वारली म्हणतात, पाचशे पौंड गवत कापायचे अडीच रुपये द्या. विळे थांबतात. १० तारखेला तुम्ही तलवाड्यात आहात. गोदूताई येणार, सभा आहे, अशी आवई कोणीतरी उठवलीय, आणि अंधारातून हजारो माणसं चालत येतायत. पोलिसांना मात्र कळवलं गेलंय की दंगल होणार. रात्री गोळीबार सुरू होतो, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो थांबत नाही. बावट्याभोवतीची माणसं हलत नाहीत. जेठ्या गांगड पडतो. त्याच्यासह पाच जण जातात. संप मोडत नाही.

आमच्या किनाऱ्यावरच्या गावांना १४ ऑगस्ट १९४२ पाठ आहे, त्या दिवशी पालघरला गोळीबारात पडलेले पाच हुतात्मे पाठ आहेत. तलवाड्याचे पाच जण तितके पाठ नाहीत. तेव्हाच्या एकाच जिल्ह्यातली ही माणसं. किनारा आणि पाडे यांच्यामधल्या रेल्वेच्या रुळांनी आठवणींची अशी वाटणी करावी, याचं मला फार वाईट वाटतं.

परत येताना डहाणूजवळ गंजाडला थांबा. आता साल १९७० नंतरचं. चित्रकार भास्कर कुलकर्णी कागद आणि रंग घेऊन इथल्या पाड्यांवर आलेत. तलवाड्याच्या वर्षी अकराएक वर्षांचे असलेले जिव्या सोमा म्हसे कागदावर चित्रं काढतायत. बायकांच्या हातचं, लग्नापुरतं असलेलं लेखन आता भिंत सोडून रोज कागदावर उतरतंय. पुढे, २०११ साली, म्हसेंना पद्मश्री मिळेल.

आता दांडीत, ओट्यावर बसून ठरवू. बाहेर बांबूंवर बोंबील वाळतायत, पोरं काड्या चेचतायत. पालघट देवी कार्डावर काढायची नाही, ती मांडवाची आहे. तारप्याचा फेर काढा, पण फेरात एकाच्या हाती बावटा द्या, कोपऱ्यात गवताची न कापलेली गंजी, तलवाड्याचे पाच वेगळे उभे. गेरू पातळ लावा, नाहीतर घडीवर तडा जातो. पिठात थोडा डिंक घाला. आणि जमलं तर निम्मी कार्डं वारली चित्रकारांकडूनच करून घ्या, ते सांगतील त्या दराने, पैसे हातात.

पत्रं तलवाड्याच्या तारखेला, १० ऑक्टोबरला, टपालात पडली पाहिजेत. नावांच्या यादीत आधी पाड्यांवरची घरं येऊ देत. दिवाळी झाली की त्यांतली कितीतरी उचल घेऊन वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, आणि काहींची उचल आजही फिटत नाही. म्हणून आत शुभेच्छांच्या खाली वीटभट्टी कामगाराचा चालू किमान वेतनाचा दर ठळक अंकांत लिहा, त्याखाली कामगार कार्यालयाचा पत्ता. अंक मोठे काढा, आजीला चष्म्याशिवाय वाचता येतील एवढे.