पेटीत राहिलेला अर्ज

गेल्या श्रावणात मंडळाच्या मंगळागौरीला झिम्मा-फुगड्या आटोपून आम्ही फराळाला बसलो होतो. आमच्या एका सभासद भगिनीची कन्या शेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "मावशी, बी.एस्सी. झालं. आता एम.एस्सी.साठी बाहेरगावी अर्ज करू की नको? घरात कुणी नाही म्हणत नाही. पण हो असंही म्हणत नाही." विचार करून सांगते, असे मी म्हटले. घरी येऊन विचार करू लागले, तो कमलाबाई सोहोनींची हकीकत आठवली. स्मरणिकेसाठी संपादिकाबाईंचा तगादा होताच, तेव्हा तीच येथे लिहिते.

कमलाबाई माहेरच्या भागवत, म्हणजे दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. त्यामुळे पदवीनंतर आपणही तेथेच जायचे, हे त्यांच्या मनात जणू ठरूनच गेले होते. १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत त्या पहिल्या आल्या आणि त्यांनी तेथे अर्ज पाठवला. गुण होते, घरचा पाठिंबा होता. अर्ज नामंजूर होईल अशी शंका यायला जागाच नव्हती.

तरी तो नामंजूर झाला. संस्थेचे संचालक त्या वेळी सर चंद्रशेखर वेंकट रामन होते. १९३० चे नोबेल पारितोषिक मिळवलेले, साऱ्या देशाला ललामभूत झालेले शास्त्रज्ञ. नकाराचे कारण एकच, अर्जदार मुलगी होती.

येथे दुसऱ्या कोणी कपाळाला हात लावून गप्प बसले असते. कमलाबाई बंगळूरला जाऊन रामन यांच्यापुढे उभ्या राहिल्या. गांधीजींच्या सत्याग्रहाचे ते दिवस. त्यांनीही तोच मार्ग धरला. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष उमेदवारीचे, काम पसंत पडले तरच पुढे. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतसुद्धा, काम करायचे. आणि प्रयोगशाळेतले वातावरण बिघडू द्यायचे नाही! ही शेवटची अट वाचून माझ्या अंगाचा आजही तिळपापड होतो. मुलांचे चित्त विचलित झाले तर त्याचा जाब मुलीने द्यायचा, असा हा न्याय. मी असते तर ताडकन घरी निघून आले असते, आणि हात हलवीत बसले असते.

कमलाबाईंनी अटी मान्य केल्या. मात्र अपमान गिळून टाकला असे नव्हे. तो त्या कधीच विसरल्या नाहीत आणि उतारवयात जाहीरपणे बोलूनही दाखवला. श्रीनिवासय्या या कडक शिस्तीच्या गुरूंच्या हाताखाली त्यांनी दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. वर्षाच्या शेवटी रामन यांचे समाधान झाले, १९३६ साली एम.एस्सी. झाली, आणि त्या संस्थेची दारे पुढच्या मुलींना उघडली. भांडून घेतलेली ती एक जागा किती जणींच्या उपयोगी पडली!

पुढे शिष्यवृत्ती मिळवून त्या १९३७ साली केंब्रिजला गेल्या. तेथे डॉ. डेरेक रिक्टर यांनी आपले कामाचे टेबल दिवसा त्यांना वापरायला दिले, असे सांगतात. वनस्पतींच्या पेशींतही 'सायटोक्रोम सी' हा श्वसनक्रियेतला घटक असतो, हे त्यांनी बटाट्यावर काम करताना दाखवले. १९३९ साली पीएच.डी. मिळाली ती जेमतेम चाळीस पानांच्या प्रबंधावर. (आपल्याकडे चाळीस पाने ऋणनिर्देशालाच लागतात!) मायदेशी परतल्यावर त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यांवर संशोधन केले, मुंबईच्या विज्ञान संस्थेत अध्यापन केले आणि पुढे तिचे संचालकपदही भूषवले.

अर्ज करणाऱ्या मुलींनी आणखी एक नाव लक्षात ठेवावे, ते हवामानशास्त्रज्ञ अ‍ॅना मणी यांचे. १९४० साली त्या बंगळूरला खुद्द रामन यांच्याच प्रयोगशाळेत दाखल झाल्या. हिरे-माणकांवर पाच वर्षे खपून प्रबंध लिहिला आणि १९४५ साली तो मद्रास विद्यापीठाला सादर केला. पण त्यांच्यापाशी एम.एस्सी. ही पदवी नव्हती, म्हणून पीएच.डी. नाकारली गेली. काम चोख, प्रबंध तयार, आणि अडले ते नियमाच्या एका ओळीशी. तेव्हा प्रवेशपत्रकातील बारीक अक्षरातला मजकूर आधी वाचावा, शिष्यवृत्तीच्या तारखा मागाहून.

आता माझे. बी.एस्सी. झाल्यावर मीही एम.एस्सी.चा अर्ज भरला होता. गुणपत्रिकेची नक्कल जोडली, लिफाफ्यावर तिकीट लावले. तेवढ्यात घरी एक स्थळ सांगून आले आणि लिफाफा लुगड्यांच्या पेटीत गेला. मला कोणी नकार दिला नाही. रामन नव्हते की अटी नव्हत्या. संसार चांगला झाला, तक्रार नाही. पण कमलाबाईंचा अर्ज नाकारला तरी गेला, माझा तर कोणी वाचलाच नाही, हे मनात सलते. आईच्या पश्चात पेटी आवरताना तो लिफाफा सापडला. तिकिटाचा डिंक सुटला होता.

परवाच्या रविवारी त्या मुलीला घरी बोलावले. हल्ली अर्ज संगणकावर भरतात. 'हा विषय का निवडला' या रकान्यात तिने समाजसेवा, देशसेवा असे बरेच लिहिले होते. ते मी पुसायला लावले आणि शेवटच्या वर्षी प्रयोगशाळेत तिने स्वतः काय केले, ते विचारले. दह्याच्या विरजणातील जिवाणूंवर ती अर्धा तास बोलत राहिली. तेच लिही म्हटले. मग वडिलांना फोन करून, "अर्ज आज पाठवते आहे," एवढे तिने सांगितले, विचारले नाही. पलीकडून थोडा वेळ काही ऐकू आले नाही. मग शुल्क किती भरायचे, ते त्यांनी विचारले.