दार किती फुटांचं?

खालापूरकडच्या आमच्या गावात देवळाचा जीर्णोद्धार निघाला आणि वाद पेटला तो गाभाऱ्याच्या दारावरून. जुनं दार इतकं बुटकं, की गावातल्या प्रत्येकाने तिथे एकदा तरी कपाळ आपटून घेतलंय. कंत्राटदाराने नकाशात ७ फुटांचं दार दाखवलं आणि ‘सगळं शास्त्रोक्त आहे’ म्हणाला. कुठलं शास्त्र, एवढंच मला बघायचं होतं.

वराहमिहिराची बृहत्संहिता सहाव्या शतकातली. ग्रहताऱ्यांपासून पाऊसपाण्यापर्यंत सगळं तिच्यात आहे, आणि देवळांवर एक अख्खा अध्यायही. हिशेब सरळ: देवळाच्या रुंदीच्या दुप्पट उंची, निम्म्या रुंदीत गाभारा, गाभाऱ्याच्या पाव हिस्सा दार रुंद आणि त्याच्या दुप्पट उंच. आमचा गाभारा ८ फुटी. म्हणजे दार २ फूट रुंद, ४ फूट उंच! बैठकीसकट मूर्ती दाराच्या उंचीपेक्षा एक अष्टमांशाने कमी, म्हणजे साडेतीन फूट. मी जुन्या दाराला टेप लावला. ४ फूट २ इंच. योगायोगही असेल, गवंड्याने पोथी उघडली होती असं माझं म्हणणं नाही.

मग कर्जतहून लोकल पकडून अंबरनाथ गाठलं. शिलाहारांचं शिवमंदिर, शिलालेख शके ९८२चा, म्हणजे इ.स. १०६०. शैली भूमिज: शिखराच्या चारी अंगांना खालून वर जाणारा पट्टा आणि मधल्या जागेत चिमुकल्या शिखरांच्या ओळी. या भूमिज देवळांवर समरांगणसूत्रधारात वेगळा अध्याय आहे. तो ग्रंथ धारच्या राजा भोजाचा, अकराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. म्हणजे आपण ज्याला ‘प्राचीन शास्त्र’ म्हणतो, ते अंबरनाथच्या पाथरवटांच्या काळात ताजं होतं. इथे गाभाऱ्यात जायला पायऱ्या उतराव्या लागतात. मान आपोआप खाली जाते.

उलट आमच्या शेजारचं महड. वरदविनायकाची मूर्ती १६९०मध्ये तळ्यात सापडली असं सांगतात. देऊळ १७२५मध्ये रामजी महादेव बिवलकरांनी बांधलं. त्याचं घुमटी शिखर भोजाच्या मापात बसत नाही, म्हणून कुणाचं काही अडलं का?

बैठकीत मी हे सगळं सांगितलं. एक आजी म्हणाल्या, “बाळा, माझे गुडघे वाकत नाहीत. देव दिसायला नको का?” त्याला वराहमिहिराकडे उत्तर सापडलं नाही. सभामंडपाचं दार ७ फुटांचं करा, गाभाऱ्याची जुनी चौकट ठेवा, असं मी सुचवलंय. पुढची बैठक रविवारी आहे.