गोऱ्या स्त्रीचे मत

न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात माउंट होप नावाची जुनी दफनभूमी आहे. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी तिथे बायकांची लांबच लांब रांग लागली होती. मतदान करून आल्यावर छातीवर लावायला ‘मी मत दिले’ अशी एक छोटी चिकटपट्टी मिळते. ती सुझन बी. अँथनी यांच्या कबरीच्या दगडावर लावण्यासाठी त्या आल्या होत्या. स्त्रियांच्या मताधिकारासाठी अँथनी यांनी आयुष्य वेचले आणि तो मिळण्याच्या चौदा वर्षे आधी, १९०६ साली, त्या वारल्या. एका मोठ्या पक्षाची उमेदवार म्हणून एक स्त्री प्रथमच अध्यक्षपदासाठी उभी होती. दगड चिकटपट्ट्यांनी झाकून गेला.

हिलरी क्लिंटन हरल्या. मतदान केंद्रांबाहेरच्या पाहणीत ५२ टक्के गोऱ्या स्त्रियांनी डोनाल्ड ट्रम्प यांना मत दिल्याचे दिसले. प्यू संशोधन केंद्राने पुढे मतदारांच्या नोंदींशी पडताळून केलेल्या अभ्यासात हा आकडा ४७ वर आला, तरी क्लिंटन यांच्या ४५ पेक्षा तो जास्तच होता. कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी मात्र ९४ टक्के क्लिंटन यांच्या बाजूने होत्या. ‘बायकांनीच बाईला पाडले’ असा सूर मग बरेच दिवस ऐकू येत होता.

या आश्चर्याचेच आश्चर्य वाटायला हवे. राज्यशास्त्रज्ञ जेन जुन यांनी १९५२ पासूनच्या अध्यक्षीय निवडणुकांची आकडेवारी मांडून दाखवली आहे. तेव्हापासून २०१६ पर्यंत गोऱ्या स्त्रियांची जास्त मते डेमोक्रॅटिक उमेदवाराला पडली ती फक्त दोनदा, १९६४ आणि १९९६ साली. डेमोक्रॅटिक पक्षाकडे ‘स्त्रियांचा कल’ म्हणून जो दिसतो, तो मोठ्या प्रमाणात कृष्णवर्णीय आणि इतर गोऱ्या नसलेल्या स्त्रियांच्या मतांमुळे. ‘स्त्री मतदार’ हा शब्द एकवचनी वापरला की ही गोष्ट झाकली जाते.

माउंट होपमध्येच फ्रेडरिक डग्लस यांचीही कबर आहे. गुलामीतून पळून आलेला हा वक्ता १८४८ च्या सेनेका फॉल्सच्या स्त्री-परिषदेला हजर होता. एलिझाबेथ केडी स्टँटन यांनी मताधिकाराचा ठराव मांडला तेव्हा जमलेल्यांपैकी अनेकांना तो फार धाडसी वाटला; डग्लस मात्र ठामपणे त्याच्या बाजूने बोलले. यादवी युद्धानंतर ही मैत्री पणाला लागली. वंशाच्या कारणावरून कोणाचा मताधिकार नाकारता येणार नाही, असे पंधरावी घटनादुरुस्ती म्हणत होती. लिंगाविषयी तिच्यात अक्षर नव्हते. मे १८६९ मध्ये न्यूयॉर्कच्या सभेत डग्लस यांनी सांगितले, की आमच्या लोकांना घरांतून ओढून दिव्याच्या खांबांवर लटकवले जात आहे, आमच्यासाठी मत हा जगण्यामरण्याचा प्रश्न आहे. हे कृष्णवर्णीय स्त्रीलाही लागू नाही का, असे श्रोत्यांतून कोणी विचारले. लागू आहे, पण ते ती स्त्री आहे म्हणून नव्हे, कृष्णवर्णीय आहे म्हणून, असे त्यांचे उत्तर होते. अँथनी यांचे म्हणणे असे, की सगळ्यांना एकदम मत द्यायचे नसेल तर आधी अधिक सुजाण असलेल्यांना द्या, म्हणजे स्त्रियांना. स्टँटन तर नुकत्याच मुक्त झालेल्या गुलामांविषयी आणि परदेशातून आलेल्या मजुरांविषयी अशा भाषेत लिहीत, की ते लेख आज वाचताना मान खाली जाते. फ्रान्सिस हार्पर या कृष्णवर्णीय कवयित्रीने घटनादुरुस्तीची बाजू घेतली. संघटना फुटली.

हे रागाच्या भरात बोलले गेले असे म्हणून सोडून देता येत नाही, कारण त्याआधी दोन वर्षे हेन्री ब्लॅकवेल यांनी दक्षिणेतल्या विधिमंडळांना थंड डोक्याने एक हिशेब कळवला होता. ब्लॅकवेल गुलामीचे विरोधक आणि स्त्री-मताधिकाराच्या नेत्या लूसी स्टोन यांचे पती. गोऱ्या स्त्रियांना मत द्या, त्यांची संख्या कृष्णवर्णीयांच्या मतांना पुरून उरेल आणि गोऱ्यांचे वर्चस्व अबाधित राहील, असा तो हिशेब. पुढच्या पन्नास वर्षांत दक्षिणेत हा युक्तिवाद पुन्हा पुन्हा वापरला गेला. १८९५ साली अटलांटात अधिवेशन भरले तेव्हा यजमान नाराज होऊ नयेत म्हणून अँथनी यांनी आपल्या या जुन्या मित्रालाच येऊ नका असे सांगितले. १९०३ च्या न्यू ऑर्लिन्स अधिवेशनात मिसिसिपीच्या बेल कर्नी यांनी व्यासपीठावरूनच ब्लॅकवेल यांचा हिशेब मांडला. १९२० साली एकोणिसावी घटनादुरुस्ती झाली. दक्षिणेतल्या बहुसंख्य कृष्णवर्णीय स्त्रियांना प्रत्यक्ष मतदान करण्यासाठी १९६५ च्या कायद्याची वाट पाहावी लागली.

मत ही तशी उशिराची गोष्ट. मालमत्तेचा अधिकार त्याआधीचा, आणि या गुंत्याचे मूळ मला तिथे दिसते. विवाहित स्त्रीला स्वतःची मालमत्ता बाळगू देणारा अमेरिकेतला पहिला महत्त्वाचा कायदा पुढारलेल्या उत्तरेत झाला नाही, तो १८३९ साली मिसिसिपीत झाला. त्यातली बहुतेक कलमे गुलामांच्या मालकीविषयी आहेत. नवऱ्याच्या कर्जापायी बायकोच्या माहेरून आलेले गुलाम जप्त होऊ नयेत, ही त्यामागची चिंता. नवऱ्यापासून थोडे स्वातंत्र्य स्त्रीला मिळाले ते दुसऱ्या माणसांवरच्या मालकीच्या रूपाने. स्टेफनी जोन्स-रॉजर्स यांनी २०१९ च्या आपल्या पुस्तकात अशा मालकिणींचे व्यवहार दस्तऐवजांतून उलगडून दाखवले आहेत. आपल्याकडच्या वाचकाला इथे बाबासाहेबांची श्रेणीबद्ध विषमतेची मांडणी आठवेल. पायरी खालची असली तरी तिच्याखाली कोणीतरी आहे, एवढ्यावर ती टिकते.

या कथेत एक मराठी धागाही आहे. आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी पंडिता रमाबाई १८८६ साली अमेरिकेला गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षे तिथे राहिल्या. १८८९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ या त्यांच्या पुस्तकात तिथल्या स्त्रियांच्या संघटनशक्तीविषयीचा आदर जागोजागी दिसतो. दारूबंदीसाठी झटणाऱ्या ख्रिस्ती स्त्रियांच्या संघाच्या अध्यक्षा फ्रान्सिस विलर्ड यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. १८९० साली याच विलर्ड यांनी एका मुलाखतीत दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांची तुलना टोळधाडीशी केली आणि दारूचा गुत्ता हेच त्यांच्या सत्तेचे केंद्र असल्याचे सांगितले. पत्रकार आयडा बी. वेल्स यांनी १८९४ साली ती मुलाखत इंग्लंडमध्ये पुन्हा छापवून आणली, तेव्हा विलर्ड तिथेच पाहुणचार घेत होत्या. रमाबाईंनी पाहिलेले भगिनीभावाचे चित्र खोटे नव्हते. त्या भगिनीभावाला कुंपण होते, एवढेच.

या कुंपणाचे मुख्य लाकूड म्हणजे ‘संरक्षण’. गोऱ्या स्त्रीच्या अब्रूचे रक्षण ही झुंडबळींची ठरलेली सबब असे. जॉर्जियाच्या रिबेका फेल्टन मताधिकारवादी होत्या, आणि १८९७ साली त्यांनी जाहीर भाषणात झुंडबळींचे समर्थन केले. १९२२ साली सिनेटमध्ये बसलेली पहिली स्त्री म्हणून त्यांचे नाव इतिहासात आहे. ते पद एक दिवसाचे होते. उलट टेक्ससच्या जेसी डॅनियल एम्स यांनी १९३० साली गोऱ्या स्त्रियांचीच संघटना उभारली आणि आमच्या नावाने खून करू नका असे ठणकावले. मात्र झुंडबळींविरुद्ध केंद्राने कायदा करावा याला एम्स यांचाही विरोध होता. माणसे अशी अर्ध्या वाटेवर थांबतात.

मताधिकार मिळाल्यानंतर गोऱ्या बायकांचे राजकारण घर, शाळा आणि चर्च या वर्तुळात वाढले. १९२३ साली स्त्रियांची स्वतंत्र कू क्लक्स क्लॅन निघाली आणि इंडियानासारख्या उत्तरेकडच्या राज्यातही फोफावली. इतिहासकार एलिझाबेथ गिलेस्पी मॅक्रे यांनी दाखवले आहे, की वंशभेद केवळ विधिमंडळांनी टिकवला नाही. जन्मनोंदीत बाळाचा वंश लिहिणाऱ्या कारकून बायका, पाठ्यपुस्तके निवडणाऱ्या समित्या, वृत्तपत्रांतल्या स्तंभलेखिका यांनी तो रोजच्या रोज सांभाळला. १९५७ साली लिटल रॉकमध्ये कृष्णवर्णीय मुलांना शाळेत घेऊ नका म्हणून गोऱ्या आयांचा संघ पुढे आला. १९७४ साली बॉस्टनमध्ये तशाच आंदोलनाचे नेतृत्व लुईझ डे हिक्स यांच्याकडे होते, आणि त्या डेमोक्रॅट होत्या. ‘आई म्हणून’ बोलले की वंशाचे नाव घ्यावेच लागत नाही. त्याच सुमारास फिलिस श्लाफ्ली यांनी घरसंसार सांभाळणाऱ्या बायकांना उभे करून समान हक्कांची घटनादुरुस्ती रोखली. ३८ राज्यांची संमती हवी होती, १९८२ ची मुदत संपली तेव्हा गाडी ३५ वर अडकलेली होती.

यावरून गोरी स्त्री म्हणजे वंशद्वेष्टी असा सरधोपट निष्कर्ष काढणे चूक ठरेल. २०१६ साली गोऱ्या पुरुषांपैकी ६२ टक्के ट्रम्प यांच्याकडे गेले, म्हणजे बायका त्यांच्यापेक्षा बऱ्याच मागे होत्या. पदवीधर गोऱ्या स्त्रियांत क्लिंटन पुढे होत्या. पदवी नसलेल्यांत ट्रम्प साठ टक्क्यांच्या वर. लग्न आणि धर्म यांनीही फरक पडतो. ज्या बाईची मिळकत, वस्ती, मुलांची शाळा हे सारे नवऱ्याच्या स्थानाशी बांधलेले आहे, तिला आपले हित बायकांच्या रांगेत दिसण्यापेक्षा आपल्या घरात दिसते. आणि ते घर कोणत्या वस्तीत असेल हे अमेरिकेत वंशाने ठरत आले आहे. २०१७ साली अलाबामात सिनेटची पोटनिवडणूक झाली. रॉय मूर यांच्यावर अल्पवयीन मुलींशी गैरवर्तनाचे आरोप होते आणि ते त्यांनी नाकारले होते. पाहणीनुसार ६३ टक्के गोऱ्या स्त्रियांनी मूर यांना मत दिले, तर ९८ टक्के कृष्णवर्णीय स्त्रियांनी डग जोन्स यांना. जोन्स निसटते जिंकले.

२०२४ साली मिसुरीत हे आणखी स्पष्ट दिसले. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली गर्भपाताचे घटनात्मक संरक्षण काढून घेतल्यावर पहिल्याच दिवशी बंदी लागू करणारे हे राज्य. तिथल्या मतदारांनी एकाच मतपत्रिकेवर गर्भपाताचा हक्क राज्यघटनेत घालायला निसटत्या बहुमताने होकार दिला आणि ५८ टक्क्यांहून अधिक मते ट्रम्प यांना दिली. हे गणित जमायचे तर अनेकांनी दोन्ही खुणा केल्या असल्या पाहिजेत. देहाविषयीचा प्रश्न सुटा विचारला तेव्हा एक उत्तर आले. आपण कोणाच्या बाजूचे, हे विचारले तेव्हा दुसरे.