पाय, तेल आणि वीज

लखनौच्या चारबाग स्थानकाबाहेर पाऊल टाकणाऱ्या प्रवाशास तेथील वाहनांचा सारा इतिहास एकाच दृष्टिक्षेपात दिसत असे. एखादा म्हातारा टांगेवाला, त्याच्या शेजारी सायकल-रिक्षांची रांग, पलीकडे धूर ओकीत उभा असलेला विक्रम टेम्पो, आणि अलीकडच्या काळात आवाज न करता अंगावर येणारी ई-रिक्षा. जुने वाहन नाहीसे होण्यापूर्वीच नवे येऊन उभे राहावे आणि दोघांनीही एकाच गिऱ्हाइकास हाका माराव्या, हा या शहराचा शिरस्ता आहे. घोडा, माणूस, डिझेल आणि वीज या चार बळांत वरवर काही साम्य नाही. परंतु ती वापरणाऱ्या प्रत्येकापुढे प्रश्न एकच होता : एकदा घातलेल्या वैरणीवर, खाल्लेल्या भाकरीवर, भरलेल्या टाकीवर किंवा साठविलेल्या विजेवर गाडी किती लांब जाईल?

या प्रश्नाचे एक उत्तर फार पूर्वीच कोणाला तरी सुचले होते. एक बळ पुरे पडत नसेल तर गाडीला दोन बळे द्यावी, आणि ज्या क्षणी जे स्वस्त पडेल ते वापरावे. आज ‘हायब्रिड’ आणि ‘प्लग-इन हायब्रिड’ या नावांनी विकल्या जाणाऱ्या मोटारींचे मूळ या विचारात आहे. पुष्कळांना ही कल्पना अगदी नवी वाटते. वस्तुतः ती विसाव्या शतकाच्या आरंभाइतकी जुनी आहे. व्हिएन्ना येथे लोनर नावाचा बग्ग्या बांधणारा एक प्रसिद्ध कारखाना होता. तेथे फर्डिनांड पोर्शे या तरुण अभियंत्याने चाकांच्या तुंब्यांतच विद्युत्-मोटारी बसवून एक गाडी तयार केली व ती १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात मांडली गेली. गाडी उत्तम चाले. परंतु शिशाच्या बॅटऱ्यांचे ओझे एवढे की गाडीचे निम्मे बळ स्वतःची बॅटरी वाहण्यातच खर्ची पडावे. तेव्हा पोर्शेने बॅटरी लहान केली आणि जोडीला पेट्रोलची दोन छोटी एंजिने बसविली. ती चाके फिरवीत नसत. जनित्र फिरवून वीज पुरवीत. या गाडीस त्याने लॅटिन नाव दिले, ‘सेम्पर विवुस’, म्हणजे सदैव जिवंत. पुढे १९१५ च्या सुमारास शिकागोच्या वुड्स कंपनीनेही दुहेरी बळाची मोटार बाजारात आणली आणि दोन-तीन वर्षांत ती बंद पडली. पेट्रोल स्वस्त झाले होते, एंजिने सुधारली होती, आणि एका गाडीत दोन यंत्रे बाळगण्याची दगदग कोणास नको होती. टोयोटाची प्रिअस जपानात १९९७ साली आली, तोवर ही कल्पना जवळजवळ अडगळीतच पडून होती.

युरोप-अमेरिकेतील हा इतिहास पुस्तकांतून वाचावयास मिळतो. आपल्या देशात दुहेरी बळाच्या वाहनाचा विचार झाला तो मात्र मोटारीसाठी नव्हे, सायकल-रिक्षासाठी; आणि त्या विचाराचा एक धागा लखनौहून थेट सातारा जिल्ह्यातील फलटणला येऊन पोचतो.

पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांस सायकल-रिक्षा फारशी परिचयाची नसली तरी नागपूरकरांस ती चांगली ठाऊक आहे. तीन चाके, मागे दोन माणसांची बैठक, पुढे सायकलीचे खोगीर. जुन्या घडणीच्या रिक्षेस गिअर नसतात. ब्रेकही बहुधा पुढच्या चाकालाच. रिक्षा, दोन उतारू आणि ओढणारा मिळून तीनशे किलोग्रॅम वजन सहज होते. सपाट रस्त्यावर एकदा चाल धरली म्हणजे हे ओझे फारसे जड जात नाही. अडचण आहे ती सुरुवातीची. उभी गाडी पाच सेकंदांत ताशी दहा किलोमीटरच्या वेगावर आणावयाची म्हटली तर अडीचशे वॉटांहून अधिक शक्ती लागते. निरोगी माणूस दिवसभर सातत्याने जी शक्ती देऊ शकतो ती सुमारे पंच्याहत्तर वॉट. म्हणजे अमीनाबादच्या गर्दीत, जेथे दर वीस पावलांवर थांबावे लागते, तेथे रिक्षावाल्याला आपल्या बेताच्या तिप्पट जोर पुन्हा पुन्हा लावावा लागतो. गोमतीवरच्या पुलांच्या चढावर तर तो खाली उतरून गाडी हाताने ओढतो. लखनौ सपाट मैदानावर वसलेले शहर आहे असे भूगोलात शिकवितात. ते रिक्षावाल्यास विचारून लिहिलेले नसावे.

या शहराने यंत्राची वाट शोधली नाही असे नाही. इटलीतील मिलान येथील इनोसेंटी कंपनीची लॅम्ब्रेटा स्कूटर बनविण्याची यंत्रसामग्री भारत सरकारने विकत घेतली आणि १९७२ साली लखनौजवळ सरोजिनीनगर येथे स्कूटर्स इंडिया हा सरकारी कारखाना स्थापन झाला. उत्पादन १९७५ मध्ये सुरू झाले. विजय सुपर स्कूटर काही वर्षे देशभर दिसली आणि मागे पडली; टिकला तो कारखान्याचा तिचाकी टेम्पो, विक्रम. उत्तर भारतातील कित्येक शहरांत तो वर्षानुवर्षे धावला आणि सीमा ओलांडून काठमांडूलाही गेला. तेथील खोलगट दरीत त्याचा धूर साचून राहू लागला. अखेर १९९९ मध्ये नेपाळ सरकारने काठमांडू दरीतून डिझेलचे विक्रम हद्दपार केले, आणि त्यांची जागा ‘सफा’ टेम्पोंनी घेतली. सफा म्हणजे स्वच्छ. हे टेम्पो विजेवर चालत. एका भरणीवर पूर्ण दिवस निघत नसे म्हणून वाटेत ठाण्यावर थांबून रिकामी बॅटरी उतरवावयाची आणि भरलेली चढवावयाची, अशी तेथील पद्धत. हे टेम्पो चालविणाऱ्यांत स्त्रियांची संख्या लक्षणीय होती. स्कूटर्स इंडिया बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०२१ साली घेतला. लखनौच्या गाडीने विजेचा रस्ता परदेशात मोकळा करून द्यावा आणि तो स्वतःच्या धुराने, हा विनोद काहीसा कडवट आहे.

आता फलटणकडे वळावयाचे. बनबिहारी निंबकर यांनी १९६८ साली तेथे निंबकर कृषि संशोधन संस्था काढली. लखनौत शालेय शिक्षण झालेले, कानपूरच्या आय.आय.टी.तून यंत्र-अभियंता होऊन अमेरिकेत डॉक्टरेट मिळविलेले डॉ. अनिल राजवंशी १९८१ साली या संस्थेत आले. ग्रामीण चुली, दिवे, इंधने यांवर त्यांनी काम केले, आणि त्याबरोबर सायकल-रिक्षेवरही. त्यांच्या गटाने तीन प्रकार सिद्ध केले. पहिला गिअर आणि चांगले ब्रेक असलेली सुधारलेली सायकल-रिक्षा. दुसरा पेडल आणि बॅटरीवरची छोटी मोटार अशा दोन्ही बळांवर चालणारी रिक्षा. आणि तिसरा सर्वस्वी विजेवरची रिक्षा. या कामाचे विवेचन २००२ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

या तिघींत विचार करण्याजोगी आहे ती मधली. रात्री भिंतीतल्या विजेवर बॅटरी भरावयाची आणि दिवसा दुसऱ्या बळाची जोड देऊन ती पुरवावयाची, हेच तर प्लग-इन हायब्रिडचे लक्षण. फरक एवढाच की येथे दुसरे बळ पेट्रोलच्या एंजिनाचे नसून माणसाच्या पोटऱ्यांचे आहे. त्यामुळे एक प्रश्न उघडा पडतो, जो मोटारीच्या चकचकीत पत्र्याखाली झाकून जातो. गाडी सुरू करताना लागणारा जोराचा झटका कोणी सोसावयाचा? पाय त्या क्षणी दुखतात, हे सांगितलेच. परंतु बॅटरीलाही तोच क्षण महाग पडतो. पॉयकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये दाखवून दिले की शिशाच्या बॅटरीतून प्रवाह जितका जोराने ओढावा तितकी तिची एकूण वीज कमी भरते. हळूहळू घेतली तर शंभर पैसे हाती येतात, घाईने घेतली तर ऐंशीही येत नाहीत, अशी ही तिजोरी आहे. म्हणजे पाय आणि बॅटरी दोघेही एकाच वेळी सवलत मागतात. अशा वेळी सवलत माणसाला द्यावयाची, कारण झिजलेली बॅटरी बदलता येते, झिजलेले गुडघे बदलणे रिक्षावाल्याच्या आवाक्यातले नाही. मोटारीने उठाव आणि चढ सांभाळावा, सपाटीवर पायांनी चाल राखावी. दोघांनी मिळून पहिली दोन-चार सेकंदे वाटून घेतली तर बॅटरीही पुष्कळ पुरते.

दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेने सूर्यप्रकाशावर भरलेल्या बॅटरीची आणि पेडलची रिक्षा २००८ च्या गांधीजयंतीस दिल्लीत रस्त्यावर आणली. तिच्यामागेही हेच गणित होते. परंतु या दोन्ही प्रयोगांना बाजाराने थांबू दिले नाही. २०१० नंतर आयात सुट्या भागांच्या ई-रिक्षा दिल्लीत आणि मागोमाग लखनौत शिरल्या. २०१४ च्या जुलैत दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांवर बंदी घातली, त्याच वर्षी केंद्राने नियम केले आणि २०१५ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन त्या अधिकृत झाल्या : चार उतारू, मोटार दोन हजार वॉटांपर्यंत, वेग ताशी पंचवीस किलोमीटरपर्यंत. पेडल गेले. पाय सुटले, ही लहान गोष्ट नव्हे. फलटणच्या त्या मधल्या रिक्षेविषयी कितीही आदर असला तरी ज्याने भर उन्हाळ्यात रिक्षा ओढली आहे तो पेडलला मुकल्याबद्दल हळहळणार नाही.

सगळा भार आता बॅटरीवर आला. साध्या ई-रिक्षेत बारा व्होल्टच्या चार शिशाच्या बॅटऱ्या एकामागून एक जोडलेल्या असतात. त्या पार रिकाम्या होईपर्यंत चालविल्या तर आतील पट्ट्यांवर कठीण स्फटिक बसतात आणि पुढच्या भरणीत तेवढी जागा कायमची कमी होते. संध्याकाळी चौकातून आलमबागची आणखी एक खेप मिळते म्हणून चालक बॅटरी तळापर्यंत ओरपतो. ते भाडे तो पुढच्या महिन्यांच्या धावेतून उसने घेत असतो. त्यात वाढीव उतारू, हवा कमी झालेले टायर आणि दर थांब्यानंतर पिळलेली मूठ यांची भर पडते. ज्यांचे टायर कडक आहेत व जे सावकाश उठतात, अशा जुन्या चालकांची गाडी त्याच बॅटरीवर जास्त खेपा करते.

उत्तर प्रदेश शासनाने जुलै २०२४ मध्ये हायब्रिड आणि प्लग-इन हायब्रिड मोटारींवरील नोंदणीकर माफ केला तेव्हा लखनौच्या मोटार-विक्रेत्यांकडे एकदम चौकशी वाढली. वास्तविक विजेच्या काटकसरीचे नियम रिक्षेला जे, तेच या महागड्या मोटारीला. प्लग-इन मोटारीची बॅटरी बहुधा चाळीस ते ऐंशी किलोमीटर पुरते. घर ते हजरतगंजची कचेरी एवढीच ये-जा असेल तर पेट्रोलचा थेंबही लागू नये. लांबच्या प्रवासाचे गणित निराळे. लखनौ ते आग्रा हा द्रुतगती मार्ग ३०२ किलोमीटरांचा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; ताशी साठऐवजी शंभर किलोमीटरने गेल्यास तो पावणेतीन पटींच्या वर जातो. अशा रस्त्यावर बॅटरी लावली तर ती तासाभराच्या आत संपते. तिथे एंजिनास काम द्यावे, कारण एकसारख्या वेगात एंजिन आपले सर्वोत्तम देते. आणि वीज लखनौतून बाहेर पडताना व आग्र्याच्या गल्ल्यांत शिरताना वापरावी. चालत्या एंजिनाने बॅटरी भरून घेण्याचा मोह मात्र टाळावा, तेलाची वीज आणि विजेची गती करताना दोनदा तूट येते.

वेग कमी करताना मोटार उलटी जनित्र होऊन वीज परत देते, हीही नवलाई नव्हे. १९३० मध्ये दख्खनची राणी सुरू झाली त्या सुमारास भोर घाटातून मालगाड्या नेणारी विजेची एंजिने उतारावर ब्रेक धरताना तारेत वीज परत सोडीत असत. मोटारीत मात्र ब्रेक लवकर व हलका दाबला तरच हे घडते. ऐन वेळी जोराने दाबला तर गती ब्रेकच्या पट्ट्यांत उष्णता होऊन वाया जाते. बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर परतीच्या विजेस जागाच नसते.

या साऱ्याहून मोठा भेद एका क्षुल्लक गोष्टीने पडतो. युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार प्लग-इन मोटारींचा प्रत्यक्ष रस्त्यावरील धूर प्रयोगशाळेतील मापाच्या सरासरी साडेतीन पट निघाला. मुख्य कारण हे की मालक त्या पुरेशा वेळा भरतच नाहीत. पेट्रोल आहेच, मग रात्री दोर कोण जोडणार? फलटणच्या दुहेरी रिक्षेवर ज्याची उपजीविका, त्याला ही विसराळू चैन परवडली नसती. दुसऱ्या दिवशी ते त्याच्या पोटऱ्यांनीच त्याला सांगितले असते.

लखनौच्या हवेची तेवढी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. मे-जूनमध्ये तेथे पारा चाळीसच्या वर जातो. उन्हात तापलेल्या मोटारीस थंड करण्यातच बॅटरीचा बराचसा भाग खर्ची पडतो. तेव्हा गाडी सावलीत उभी करावी आणि दोर भिंतीस जोडलेला असतानाच आतली हवा गार करून घ्यावी, म्हणजे तो खर्च बॅटरीवर न पडता घरच्या विजेवर पडतो. डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात बॅटरी थंडीने आखडते आणि तीच मोटार उन्हाळ्यापेक्षा कमी धावते. मार्च उजाडला की धाव पुन्हा पूर्ववत होते.