डोक्याला मार, डोकेदुखी आणि पूरक गोळ्या

तुळजापूर-सोलापूर मार्गावर दुचाकी घसरून डोके आपटल्यास, जखम दिसत नसली तरी मेंदूला हादरा बसलेला असू शकतो. त्यानंतरची डोकेदुखी बहुधा काही आठवड्यांत ओसरते.

तिच्यासाठी मॅग्नेशियम, रायबोफ्लेविन (ब-२ जीवनसत्त्व), मेलाटोनिन यांच्या गोळ्या घेतल्या जातात. मात्र त्यांना शास्त्रीय आधार अपुरा आहे. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज ४०० मिलिग्रॅम रायबोफ्लेविनने झटके कमी झाले, पण ते अर्धशिशीचे. मार लागलेल्या मुलांवरील कॅनडातील चाचणीत (२०२०) मेलाटोनिन निष्प्रभ ठरले. मॅग्नेशियम ज्वारीची भाकरी, तीळ, शेंगदाणे यांतूनही मिळते. मूत्रपिंडविकार असल्यास त्याच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नयेत.

डोकेदुखी वाढत गेल्यास, वारंवार उलट्या, गुंगी किंवा फिट आल्यास तातडीने रुग्णालय गाठावे.