गुलाबाची देशोदेशींची सोयरीक



'गुलाब' हा शब्द आपण इतक्या सहजपणे उच्चारतो की तो परका आहे याची आठवणही कोणाला राहत नाही. फारसीत 'गुल' म्हणजे फूल आणि 'आब' म्हणजे पाणी. गुलाब म्हणजे मुळात फुलाचे पाणी. आपल्याकडे ते पाण्याचे नाव फुलाला चिकटले, आणि पुढे पाण्याची गरज पडली तेव्हा 'गुलाबपाणी' असा जोडशब्द आपण केला. म्हणजे पाण्यातच पुन्हा पाणी घातले! लग्नमंडपात गुलाबदाणी फिरते तेव्हा एक इराणी पाहुणा आपल्या अंगावर शिंतोडे उडवीत असतो, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

फारसी भाषा आणि बागेचा षोक या दोन्ही गोष्टी आपल्या शहराला नव्या नाहीत. पंधराव्या शतकाच्या अखेरीस मलिक अहमदाने अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, वसविले. त्या दरबारात इराणी आले, तुर्क आले, हबशी आले. कापूरवाडी, वडगाव, शेंडी या बाजूंनी खापरी नळांतून पाणी शहरात खेळविले गेले. तळ्याच्या मधोमध फराहबागेचा महाल उभा राहिला, तो 1583 साली पुरा झाला. आज तेथे भिंती आहेत, तळे आटले आहे. पण या दुष्काळी मुलखात पाणी साठवून बाग करण्याची हौस किती जुनी आहे याची ती साक्ष आहे.

त्याच शहराच्या भुईकोट किल्ल्यात ऑगस्ट 1942 मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे बारा सभासद आणून ठेवले गेले. पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव ही नावे आपणांस ठाऊक आहेत. नेहरूंनी येथे 1944 साली पाच महिन्यांत 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले, हेही प्रत्येक नगरकर पाहुण्याला अभिमानाने सांगतो. पण त्या पुस्तकाच्या आरंभीच एक साधी हकीगत आहे, तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. नेहरूंनी कोठडीबाहेरच्या अंगणात फुलांचे वाफे करायला घेतले. ऐन उन्हात ते तासन् तास खणीत. जमीन दगडगोट्यांची, जुन्या इमारतींच्या राडारोड्याने भरलेली. कुदळ खाली जावी तो भिंतींचे अवशेष लागत, घुमटांचे माथे लागत. एकदा भिंतीच्या अंगावर कोरलेले एक सुंदर दगडी कमळ सापडले. फार खोल खणणे पहारेकऱ्यांना पसंत नव्हते, म्हणून तो शोध तेथेच थांबला. पुढे अचकनीवर लाल गुलाब खोवणारा म्हणून जो माणूस जगाला ठाऊक झाला, त्याच्या हाताला आपल्या गावची ही कठीण माती लागली होती. मार्च 1945 च्या अखेरीस त्यांना येथून हलविण्यात आले.

त्यानंतर जेमतेम एका महिन्याने, 29 एप्रिल 1945 रोजी, अमेरिकेत पॅसाडेना येथे एका नव्या गुलाबाचे बारसे झाले. नाव ठेवले 'पीस', म्हणजे शांतता. फूल मोठे, पिवळसर, पाकळ्यांच्या कडा गुलाबी. त्याच दिवशी बर्लिन पडले असे फुलांच्या पुस्तकांतून लिहितात. प्रत्यक्षात बर्लिन शरण आले ते 2 मे रोजी. दंतकथेला तारखा जुळवून घेण्याची खोड असते. खरी हकीगत मात्र दंतकथेहून कमी रसाळ नाही. हा गुलाब फ्रान्समध्ये ल्योंजवळ फ्रान्सिस मेयाँ याने 1935 मध्ये केलेल्या संकरातून निघाला. महायुद्ध ऐन तोंडावर आले असता त्याच्या काड्या जर्मनी, इटली आणि अमेरिका या तीन देशांतील धंदेवाल्या मित्रांकडे गेल्या. मग सरहद्दी बंद झाल्या, पत्रे थांबली, आणि एकाच झाडाची चार घरी चार नावे पडली. फ्रान्समध्ये मेयाँच्या आईच्या नावावरून 'मादाम ए. मेयाँ', इटलीत 'जोया', जर्मनीत 'ग्लोरिया दाय' आणि अमेरिकेत 'पीस'. एकमेकांवर बाँब टाकणाऱ्या देशांतील माळी एकच झाड जोपाशीत होते.

सान फ्रान्सिस्को येथे त्याच वेळी संयुक्त राष्ट्रांची सनद तयार होत होती. तेथील प्रत्येक शिष्टमंडळाच्या प्रमुखाला या गुलाबाचे एकेक फूल देण्यात आले. हिंदुस्थानच्या शिष्टमंडळालाही ते मिळाले. पण ते मंडळ ब्रिटिश सरकारने नेमलेले, रामस्वामी मुदलियार यांचे. विजयालक्ष्मी पंडित परिषदेच्या दाराबाहेर खऱ्या हिंदुस्थानची बाजू मांडीत होत्या आणि त्यांचे बंधू अजून तुरुंगातच होते. शांततेचे फूल वाटणाऱ्यांना त्याचे काही वाटले असेल असे दिसत नाही.

आता एक प्रश्न आपणांस पडेल. माळ्यांना एकमेकांची एवढी गरज का भासावी? ज्वारीचे बी पोत्यात भरून कोठेही नेता येते. गुलाबाचे तसे नाही. उत्तम गुलाबाचे बी पेरले तर त्यातून आईसारखे झाड उगवत नाही. दहा बियांतून दहा तऱ्हा निघतात, त्यांतल्या नऊ टाकाऊ. तोच गुलाब हवा असेल तर त्याचा डोळाच हवा. पानाच्या बेचक्यातील तो हिरवा ठिपका धारदार चाकूने सालीसकट उचलायचा, रानटी गुलाबाच्या खुंटावर इंग्रजी टी अक्षरासारखी चीर द्यायची, तिच्यात तो बसवायचा आणि वरून पट्टी बांधायची. आपले माळी याला 'डोळा भरणे' म्हणतात. किती नेमका शब्द आहे! डोळा धरला की खुंटाचा वरचा भाग कापून टाकतात आणि नवे झाड त्या डोळ्यातून वर येते. याचा अर्थ असा, की जगात आज 'पीस'ची जेवढी झाडे आहेत ती सारी ल्योंजवळच्या त्या एका झाडाचेच देह आहेत. ती मुले नव्हेत, नातवंडे नव्हेत. तेच झाड, फक्त हातोहात पसरलेले. एका हाताने काडी कापून दिली नाही आणि दुसऱ्याने ती सुकण्याआधी भरली नाही, तर जात संपली. गुलाबवाल्यांची देशोदेशींची सोयरीक या शरीरधर्मातून निघाली आहे. सदिच्छा मागून आली.

ही देवघेव फार जुनी आहे आणि तिच्यात आपल्या देशाचा वाटा मोठा आहे. युरोपातील जुने गुलाब, एखादा अपवाद सोडला तर, वर्षातून एकदाच फुलत. वारंवार फुलण्याचा गुण चीनमधून गेला. 1792 ते 1824 या काळात चार चिनी गुलाब इंग्लंडात पोहोचले. कँटनहून निघालेली कंपनीची जहाजे कलकत्त्याला थांबत आणि तेथे 1787 मध्ये काढलेल्या वनस्पती उद्यानात रोपे विसावा घेत. कलकत्त्याहून आले म्हणून फ्रेंचांनी या चिनी गुलाबांना 'बंगालचे गुलाब' म्हटले, आणि तीच चूक त्यांच्या भाषेत कायम झाली. नेपोलियनशी इंग्रजांचे युद्ध जुंपलेले असतानाही सम्राज्ञी जोसेफीनच्या मालमेझाँ येथील बागेकडे निघालेली रोपे इंग्रज आरमाराने जाऊ दिली; लंडनचा रोपवाटिकावाला जॉन केनेडी याला तर ये-जा करण्याचा परवाना होता. मणिपूरच्या डोंगरातील 'रोझा जायगँशिया' हा अजस्र वेल सर जॉर्ज वॉट याने 1882 च्या सुमारास नोंदला. चहासारखा वास येणाऱ्या गुलाबांच्या रक्तात त्याचा अंश आहे असे शास्त्रज्ञ मानतात.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हौशी लोकांनी मंडळे काढली. इंग्लंडात रेनॉल्ड्स होल नावाच्या धर्मोपदेशकाच्या पुढाकाराने 1876 मध्ये राष्ट्रीय गुलाब संस्था निघाली. जर्मनीत 1883 मध्ये, अमेरिकेत 1892 मध्ये. प्रदर्शने भरली, पदके वाटली गेली. पण मोठा घोळ होता तो नावांचा. एकच जात दहा नावांनी विकली जाई, आणि एकाच नावाखाली दहा जाती. गिऱ्हाइकाला झाड फुलेपर्यंत कळत नसे, आणि कळे तेव्हा विकणारा दूर गेलेला असे. आपल्याकडे आजही रोपाला बांधलेल्या चिठ्ठीवर जे लिहिलेले असते ते फुलावर उतरेलच याची खात्री कोण देतो? म्हणून मला असे वाटते, की गुलाब संस्थांनी जगाला दिलेली सर्वांत मोठी देणगी पदके नव्हेत, नोंदवही आहे. 1955 मध्ये सर्व जगासाठी गुलाबांच्या नावांची नोंद ठेवण्याचे काम अमेरिकन गुलाब संस्थेकडे सोपविण्यात आले. आज एकाच जातीला निरनिराळ्या देशांत निरनिराळी बाजारनावे असली तरी तिच्यामागे एक संकेतनाम असते, आणि ते सगळीकडे एकच असते. मेयाँच्या घरच्या जातींचे संकेतनाम 'मेइ'ने सुरू होते, जर्मनीच्या कोर्डेसचे 'कोर'ने. आडनावाचीच ही पद्धत म्हणा ना!

पुढे 1968 मध्ये लंडन येथे या राष्ट्रीय संस्थांचा जागतिक संघ स्थापन झाला. त्याच वर्षी आपल्या जिल्ह्यात राहुरीचे कृषी विद्यापीठ स्थापन झाले, हा योगायोग नगरकरांनी लक्षात ठेवावा असा आहे. संघाचे संस्थापक देश आठ: ऑस्ट्रेलिया, बेल्जियम, इस्रायल, न्यूझीलंड, रुमानिया, दक्षिण आफ्रिका, ब्रिटन आणि अमेरिका. साम्यवादी रुमानिया आणि अमेरिका एका टेबलाशी बसले याचे कौतुक जरूर करावे. पण याच यादीत वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिका होती आणि 1979 चे जागतिक अधिवेशन प्रिटोरिया येथेच भरले. भारताने त्या देशाशी व्यापार 1946 मध्येच तोडला होता. आपल्या पारपत्रावर तेथे जाण्याची मनाई छापलेली असे. फुलांना राजकारण नसते असे बागवाले मोठ्या भाबडेपणाने म्हणतात. प्रिटोरियाच्या त्या मांडवात कोण शिरू शकत होते आणि कोण नाही, हे पाहिले म्हणजे ते म्हणणे किती पोकळ आहे हे उमगते. आज या संघात सुमारे चाळीस देशांच्या संस्था आहेत, भारताची इंडियन रोझ फेडरेशन त्यांपैकी एक. 2014 मध्ये संघाचे प्रादेशिक अधिवेशन हैदराबादला भरले. ज्या इंग्रज संस्थेने हा सारा प्रपंच आरंभिला, ती मात्र पैशांअभावी 2017 मध्ये बंद पडली.

आपल्याकडून जगाकडे काय गेले? डॉ. बेंजामिन पिअरी पाल यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. गव्हाच्या तांबेऱ्यावर आयुष्य घालविणारा हा शास्त्रज्ञ, भारतीय कृषी संशोधन परिषदेचा 1965 मधील पहिला महासंचालक. गहू हा त्यांचा धर्म आणि गुलाब हे व्यसन. भारतीय उन्हात टिकतील असे गुलाब त्यांनी स्वतः काढले आणि 1966 मध्ये 'द रोझ इन इंडिया' हा ग्रंथ लिहिला. अलीकडच्या काळात कोडाईकनाल येथे विरराघवन यांनी मणिपूरचा तो अजस्र वेल आणि पाणथळीत वाढणारा 'रोझा क्लिनोफिला' हे दोन देशी गुलाब संकरात वापरून उष्ण हवेच्या जाती काढल्या. एकीचे नाव 'मणिपूर मॅजिक'. जागतिक संघाने 1976 पासून 'पीस'ला पहिला मान देऊन सर्वश्रेष्ठ गुलाबांची जी मालिका सुरू केली, तिच्यात अद्याप एकही भारतीय जात नाही. थंड हवेच्या देशांतील मतदारांनी आपल्या उन्हाचा गुलाब पाहावा तरी कोठे?

घेण्याच्या बाजूला मात्र आपला हात सैल आहे. महाराष्ट्रात मोकळ्या रानात शेतकऱ्याने ज्या जातींवर संसार केला त्यांची नावे पाहा. 'ग्लॅडिएटर' 1955 चा, अमेरिकेचा. 'क्वीन एलिझाबेथ' 1954 चा, तोही अमेरिकेचा. 'सुपर स्टार' 1960 चा, जर्मनीच्या टांटाऊचा, आणि त्याच्या वंशावळीत 'पीस' आहे. ल्योंच्या त्या झाडाचे रक्त असे आपल्या रानापर्यंत आले आहे. शिर्डीच्या आसमंतात, राहाता भागात, गुलाब हे रोजच्या भाकरीचे पीक आहे. 2020 च्या साथीनंतर मंदिरात हारफुले नेण्यास बंदी आली. 2022 मध्ये शेतकरी आणि फूलविक्रेते आंदोलनास उभे राहिले. न्यायालयाच्या परवानगीनंतर 2024 च्या डिसेंबरात फुले पुन्हा आत जाऊ लागली. मधल्या काळात उभ्या फुलांचे काय करावे हा प्रश्न कोणत्याही जागतिक अधिवेशनात निघाला नाही. संस्था हौशी लोकांच्या आहेत, आणि हौशी माणसाला बाजार सहसा दिसत नाही.

बाजाराने आपली वाट वेगळी काढली. अमेरिकेत कलमी वनस्पतींना पेटंट देण्याचा कायदा 1930 मध्ये झाला आणि 1931 मध्ये पहिले पेटंट मिळाले ते 'न्यू डॉन' या वेली गुलाबाला. 1961 मध्ये पॅरिसला नव्या वाणांच्या मालकीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत त्यात सामील झाला नाही. आपण 2001 मध्ये स्वतःचा कायदा केला आणि शेतकऱ्याने आपल्या रानातले बियाणे राखावे, वाटावे, विकावे हा त्याचा हक्क त्यात ठेवला, फक्त ते नाममुद्रेखाली विकू नये. हरितगृहात परदेशी जात लावणाऱ्याला आता झाडामागे स्वामित्वशुल्क मोजावे लागते. जात काढणाऱ्याने वर्षानुवर्षे श्रम केले, त्याला मोबदला मिळावा हे न्याय्यच आहे. पण काडी हातोहात देणे आणि काडीची पावती फाडणे हे दोन वेगळे व्यवहार आहेत, आणि गुलाब संस्था या दोहोंच्या मध्ये उभ्या आहेत. 'पीस'वरचे पेटंट केव्हाच संपले आहे. आज नगरच्या कोणाही माळ्याने त्याचा डोळा आणून आपल्या खुंटावर भरावा. त्याला कोणाची परवानगी लागत नाही.