फायबरग्लास जलतरण तलाव

फायबरग्लास जलतरण तलाव हा कारखान्यात एकसंध कवचाच्या रूपात तयार करून जागेवर आणला जाणारा आणि खड्ड्यात बसवला जाणारा पोहण्याचा तलाव होय. घराच्या परसात जमिनीत बांधल्या जाणाऱ्या तलावांचे काँक्रीटचे, व्हिनाइल अस्तराचे आणि फायबरग्लासचे असे तीन प्रमुख प्रकार आहेत. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत घरगुती वापरासाठी फायबरग्लासचे तलाव मोठ्या प्रमाणावर बसवले जातात.

निर्मिती

उलट्या साच्यावर प्रथम जेलकोट या रंगीत, गुळगुळीत लेपाचा फवारा मारला जातो. हाच थर पुढे तलावाचा आतील पृष्ठभाग होतो. त्यावर रेझिनमध्ये भिजवलेल्या काचतंतूंचे थर चढवले जातात. जेलकोटलगतच्या थरासाठी व्हिनाइल एस्टर रेझिन वापरल्यास पाणी आत झिरपण्यास चांगला प्रतिबंध होतो. साध्या पॉलिएस्टर रेझिनच्या कवचात पाणी झिरपून पृष्ठभागावर फोड येण्याचा संभव अधिक असतो.

अन्य प्रकारांशी तुलना

काँक्रीटचा तलाव हव्या त्या आकारात बांधता येतो, परंतु त्यास अनेक आठवडे ते काही महिने लागतात आणि कालांतराने आतील गिलावा नव्याने करावा लागतो. व्हिनाइलच्या तलावाचा आरंभीचा खर्च सहसा कमी असतो, मात्र त्याचे अस्तर ठरावीक वर्षांनी बदलावे लागते. फायबरग्लासचे कवच काही दिवसांत बसवता येते. त्याचा पृष्ठभाग सच्छिद्र नसल्याने शेवाळ सहजी धरत नाही, तसेच सिमेंटप्रमाणे त्यातून चुना पाण्यात उतरत नाही.

आकाराच्या मर्यादा

कवच रस्त्याने अखंड न्यावे लागत असल्याने त्याची रुंदी सामान्यतः ५ मीटरच्या आत आणि लांबी सुमारे १२ मीटरपर्यंत असते. ग्राहकास उत्पादकाकडील ठरावीक साच्यांमधूनच निवड करावी लागते. बहुतेक कवचे उंचावरून सूर मारण्याइतकी खोल नसतात. जागा निवडताना रस्त्याची रुंदी, विजेच्या तारा, झाडे आणि क्रेन उभी करण्यास लागणारी मोकळी जागा यांचा विचार आधी करावा लागतो.

जमीन व बसवणी

खड्ड्याच्या तळाशी खडीचा किंवा वाळूचा सपाट थर अंथरून त्यावर कवच ठेवले जाते. त्यानंतर आत पाणी आणि बाहेरून भराव दोन्ही साधारण एकाच पातळीने वाढवत नेतात, अन्यथा एका बाजूच्या दाबाने भिंती वाकतात. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल तलावात सुमारे ४५,००० लिटर, म्हणजेच सुमारे ४५ टन पाणी मावते. हा भार पेलणारी जमीन स्थिर असणे आवश्यक असते. महाराष्ट्रातील काळ्या मातीसारखी पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात आकसणारी जमीन असल्यास भरावासाठी खोदलेली माती न वापरता खडी वापरणे हितावह ठरते.

रिकामा करण्यातील धोका

कवच वजनाने हलके असल्याने आतील पाण्याचे वजनच त्यास जागेवर धरून ठेवते. भूजल पातळी वाढलेली असताना तलाव रिकामा केल्यास खालच्या पाण्याच्या दाबाने कवच वर उचलले जाऊ शकते, तसेच त्यास तडे जाऊ शकतात. त्यामुळे बसवतानाच कवचाशेजारी तळापर्यंत उभा पाइप ठेवतात. त्यातून भूजलाची पातळी पाहता येते आणि गरजेनुसार पाणी उपसता येते. दुरुस्तीसाठी तलाव रिकामा करावयाचा असल्यास तो कोरड्या ऋतूत आणि जाणकाराच्या देखरेखीखाली करणे इष्ट मानले जाते.

देखभाल

पाण्याचा सामू सामान्यतः ७.२ ते ७.८ आणि मुक्त क्लोरीनचे प्रमाण दर लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम राखले जाते. क्लोरीनचे प्रमाण सतत अधिक राहिल्यास जेलकोटचा रंग फिकट होतो. धातूच्या ब्रशने पृष्ठभागावर ओरखडे पडतात, त्यामुळे मऊ ब्रश वापरतात.

सुरक्षितता

घरगुती तलावात लहान मुले बुडण्याचा धोका असतो आणि मूल बुडताना बहुधा आवाज होत नाही. ऑस्ट्रेलियात तलावाभोवती किमान १.२ मीटर उंचीचे कुंपण आणि आपोआप बंद होणारे फाटक ही सर्वसाधारण अट आहे. फ्रान्समध्ये ३ जानेवारी २००३ च्या कायद्यान्वये खासगी तलावांस कुंपण, धोक्याची घंटा, आच्छादन किंवा बंदिस्त छत यांपैकी एक साधन बंधनकारक आहे. अशी साधने मोठ्यांच्या प्रत्यक्ष देखरेखीस पर्याय ठरत नाहीत. त्यामुळे तलावाची निवड करताना कवचाच्या किमतीसोबतच कुंपणाचा खर्च आणि घरातून तलाव सतत दिसेल अशी जागा यांचाही विचार केला जातो.